किल्ली फ्रीजमध्ये

रेकॉर्डिंगआधी फ्रीज बंद करायचा,
नाहीतर त्याची गुणगुण गाण्याच्या तळाशी
गाळासारखी बसते.
आणि गाडीची किल्ली आत ठेवायची, चीजच्या शेजारी,
म्हणजे कुठेही जायचं तर
आधी फ्रीज उघडावा लागतो.
हे मी एका चुकीतून शिकलो.
तीन किलो मासे होते. नेस्तान अजून मोजून दाखवते.

कुताइसीत, चौथ्या मजल्यावर,
आमचं कपाट हाच स्टुडिओ.
सासऱ्यांचे दोन ओव्हरकोट, लोकरीची गादी,
मध्ये माइक, तोंडापासून वीतभर,
जरा तिरका, म्हणजे 'प'चा फटका बाजूनं जातो.
भिंतींना कान असतात म्हणे.
खोटं आहे. भिंतींना तोंडं असतात,
बोललेलं उलट बोलतात.
कोट बिचारे ऐकून घेतात.

आमचं गाणं तिघांचं.
वरचा आवाज बाद्रीचा, मधला माझा, खर्ज गोचाचा.
गोचा आता पोलंडात ट्रक चालवतो.
बाद्री दोन गल्ल्या सोडून राहतो,
पण एका द्राक्षवेलीवरून झालेल्या भांडणाला
येत्या छाटणीला चार वर्षं होतील.

म्हणून तिन्ही मीच गायलो,
एकावर एक, हेडफोनमध्ये स्वतःचाच हात धरून.
सूर चोख. जागा चोख.
आणि ऐकलं तर
एकाच माणसाला तीन आरशांत उभं केलेलं.
एक पार डावीकडे सरकवला, एक उजवीकडे,
एक बारा मिलिसेकंद मागे ओढला.
आरसे हलले. माणूस तोच.

मग गोचाला मधला आवाज पाठवला.
त्यानं तो एका कानात घालून
खर्ज गाऊन पाठवला, फोनवरच,
पोझनानच्या अलीकडे, रस्त्याकडेला,
केबिन गरम राहावी म्हणून इंजिन चालू ठेवून.
ज्या घरात मी फ्रीजला श्वास घेऊ देत नाही
तिथे हा अख्खा ट्रक घेऊन आला.

काढायला बसलो.
ऐंशी हर्ट्झच्या खालचं कापा, असं सगळेच सांगतात.
कापलं. गुरगुर अर्धी गेली,
शंभरला कापलं, पूर्ण गेली,
आणि गोचाची छातीही गेली.
उरला सर्दी झालेला कुणी कारकून.
रात्रभर खालीवर करत राहिलो,
तांदळातून तांदूळच निवडावेत तसा.
इंजिन आणि तो एकाच सप्तकात राहतात,
गेली सहा वर्षं.
शेवटी हात आवरला.
तो थांबतो तिथे इंजिन जरा दाबलं,
गातो तिथे दोघांना राहू दिलं.

मास्टरिंगला वर थोडी जागा सोडली.
आमच्याकडे वाइनचा रांजण काठोकाठ भरतात,
गाणं तसं भरू नये.
बाद्रीचा आवाज तेवढा माझाच ठेवला,
डावीकडे, बारीक,
बाकावर रुमाल टाकून जागा धरावी तसा.

मोठ्या स्पीकरवर सगळंच बरं वाटतं.
खरं बोलते ती माझी जुनी निवा.
पहाटे साडेचारला फ्रीज उघडला.
किल्ली कोमट लागली.
दुधाचा वास घेऊन पाहिला, मग प्लग लावला.
फ्रीज गुणगुणू लागला,
गोचापेक्षा अर्धा सूर खाली.

गाडी इंजिन न लावताच उतारावरून सोडली,
गाण्यात एक इंजिन पुरे होतं.
काचा खाली. धुकं. आवाज मोठा.
उतार जिथे संपतो तिथे ती थांबली.
उतार कुठे संपतो हे मला आधीच माहीत होतं.

तेव्हा कळलं: डाव्या दाराचा स्पीकर
गेल्या हिवाळ्यापासून मुका आहे.
वरचा आवाज नव्हताच.
खर्ज होता, माझा मधला होता,
आणि वर, बरोबर त्याच्या मापाची,
रिकामी जागा.

बाद्रीचं कुत्रं भुंकलं, गप्प झालं.
स्वयंपाकघरात दिवा लागला.

मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.